दुसरा निवेदक कोणाचा?

प्राध्यापकांच्या एका उजळणी वर्गात ‘माध्यमे आणि भाषा’ या विषयावरचे सत्र चालू होते. एका वक्त्यांनी असा सिद्धान्त मांडला की, दूरचित्रवाणीवरच्या खरेदीच्या कार्यक्रमांत एकाऐवजी दोन निवेदक येणे ही भाषिक दृष्ट्या स्वागतार्ह घटना आहे. एकाचे बोलणे हा उपदेश असतो, दोघांचे बोलणे हा संवाद असतो. आणि संवाद हा उपदेशापेक्षा अधिक लोकशाहीवादी असतो, हे त्यांचे प्रमेय. त्याच्या पुष्टीसाठी बाख्तीन आला, संस्कृत नाटकातले सूत्रधार-नटी आले, तमाशातला सोंगाड्या आला. सभागृहाने मान डोलावली. मीही डोलावली असेन. चहाच्या वेळी मात्र मिरजेची माझी मावशी आठवली आणि ते प्रमेय माझ्या घशाखाली उतरेना. प्रस्तुत लेख त्या न उतरलेल्या घासाविषयी आहे.

मावशी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मंडईत भाजीवाल्याशी चार आण्यांसाठी घासाघीस करणारी, कापड घेताना उजेडात नेऊन धागा पाहणारी बाई. काका गेल्यानंतर दुपारी तिच्या घरात दूरचित्रवाणी चालू राहू लागली. अशाच एका दुपारी तिने गुडघेदुखीवरचे तेल आणि त्यासोबतचा पट्टा मागवला. अडीच हजारांच्या आसपास किंमत. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या बाईला ती रक्कम लहान नव्हती. तेलाने काही झाले नाही. मी जरा रागानेच विचारले, “अगं मावशी, तू तर दहा प्रश्न विचारल्याशिवाय कोथिंबिरीची जुडी घेत नाहीस. मग हे कसं घेतलंस?” ती शांतपणे म्हणाली, “विचारलं होतं की. ती दुसरी बाई होती ना, तिनं विचारलं, सत्तरीच्या माणसांना चालेल का, साखर असली तर चालेल का. माझ्या मनातलंच विचारत होती रे ती.”

‘विचारलं होतं की.’ या तीन शब्दांत या कार्यक्रमांची सारी मीमांसा आहे असे मला वाटते. मावशीने काही विचारलेच नव्हते. तिच्या वतीने विचारले गेले होते, आणि विचारणारी व्यक्ती विकणाऱ्याच्या पगारावर होती.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे नीट मांडले पाहिजे. दोन निवेदकांच्या बाजूने काही व्यवहाराची कारणे आहेत आणि ती खोटी नाहीत. तासन्‌तास बोलायचे असते. एकाने वस्तू हाताळावी, दुसऱ्याने बोलावे, ही साधी सोय आहे; भाजी चिरत चिरत किंमत सांगणे आणि त्याच वेळी कानातल्या यंत्रातून येणाऱ्या निर्मात्याच्या सूचना ऐकणे एकाला जड जाते. अमेरिकेत १९८६ साली जोसेफ सीगल यांनी स्थापन केलेल्या ‘क्यूव्हीसी’ या वाहिनीने वाहिनीचा निवेदक आणि वस्तूच्या कंपनीकडून आलेला पाहुणा अशी जोडी रूढ केली. पाहुण्याला वस्तूची माहिती असते, निवेदकाला प्रेक्षकाची ओळख असते. ही श्रमविभागणी समजण्यासारखी आहे. आपल्याकडेही, २००८ साली ‘होमशॉप एटीन’ ही चोवीस तास खरेदीची वाहिनी सुरू झाली त्या सुमारास आणि त्यानंतर, हा साचा मराठी-हिंदी प्रेक्षकाच्या अंगवळणी पडला. एक जण सांगणार, दुसरा किंवा दुसरी “अरे वा!”, “खरंच?”, “पण इतक्या कमी किमतीत कसं काय?” असे म्हणणार.

परंतु सोय आणि गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतिहास पाहिला तर हा धंदा जन्मला तोच एका माणसाच्या आवाजातून. १९७७ साली फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर येथील एका नभोवाणी केंद्राला एका जाहिरातदाराने थकलेल्या पैशांच्या बदल्यात डबे उघडण्याची ११२ विद्युत यंत्रे देऊ केली. केंद्राचे मालक बड पॅक्सन यांनी बॉब सर्कोस्टा या निवेदकाला ती थेट प्रक्षेपणात विकायला सांगितले. सर्कोस्टा एकटा बोलला, आणि सगळी यंत्रे विकली गेली. पुढे ‘होम शॉपिंग नेटवर्क’ उभे राहिले ते त्या प्रयोगातून. विक्रीसाठी दुसरा आवाज अपरिहार्य असता तर ती यंत्रे पॅक्सन यांच्या गोदामातच गंजली असती.

त्याही आधीचे उदाहरण अधिक मोठे आहे. २१ सप्टेंबर १९४३ रोजी गायिका केट स्मिथ हिने अमेरिकी नभोवाणीवरून अठरा तास, ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा बोलत, युद्धकर्जाचे रोखे विकले. सुमारे ३.९ कोटी डॉलरच्या रोख्यांचे वचन श्रोत्यांनी दिले. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने त्या दिवसाचा अभ्यास करून १९४६ साली ‘मास पर्सुएशन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. श्रोत्यांना पटला होता तो तिचा ‘प्रामाणिकपणा’. सगळीकडून कोणी ना कोणी आपल्याला गुंडाळते आहे अशी भावना असलेल्या समाजात तिचा थकत चाललेला एकटा आवाज त्यांना खरा वाटला. मर्टनने तिथेच इशाराही दिला आहे: दुसऱ्याच्या हिताची कळकळ दाखवून प्रत्यक्षात त्याला आपल्या कामासाठी वळवणे, ही आपुलकीची नक्कल आधुनिक समाजाचे दुखणे होऊन बसली आहे. तेव्हा मी एकट्या निवेदकाला साधुसंत ठरवत नाही. एकटाही फसवू शकतो, आणि सफाईने फसवू शकतो. माझा मुद्दा वेगळा आहे. एकटा निवेदक बोलतो तेव्हा प्रश्नाची जागा रिकामी राहते. ती जागा ऐकणाऱ्याची असते. त्याने ती वापरावी न वापरावी. पण ती त्याच्या मालकीची असते. दुसरा निवेदक येतो तो नेमका त्या जागेवर बसायला.

आता परंपरेचा दाखला घेऊ, कारण उजळणी वर्गात टाळ्या पडल्या त्या त्यालाच. आपली प्रयोगपरंपरा दोन आवाजांची आहे हे खरे. पण ‘दुसरा आवाज’ ही एकच वस्तू नव्हे. निदान तीन प्रकार वेगळे करावे लागतात.

पहिला प्रकार झिलकऱ्याचा. शाहीर पोवाडा म्हणतो आणि झिलकरी मागे सूर धरतात. ते शाहिराला प्रश्न विचारत नाहीत आणि विचारण्याचा आवही आणत नाहीत. ते शाहिराच्या बाजूचे आहेत हे सगळ्या मैदानाला दिसते. यात लबाडी नाही. निवेदकाशेजारी कोणी केवळ वस्तू उचलून दाखवायला उभे असेल तर ते झिलकऱ्याचे काम झाले; त्याला माझी हरकत नाही.

दुसरा प्रकार सोंगाड्याचा. वगातला राजा आज्ञा सोडतो आणि सोंगाड्या त्या आज्ञेची उलटतपासणी करतो, तिचा विपर्यास करतो, राजाचे राजेपण उघडे पाडतो. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके चालू घडामोडींवर आयत्या वेळी जी शेरेबाजी करत, तिच्यात हे बळ होते: पुढे काय बोलले जाईल याची हमी नव्हती. संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधाराशी नटी, विदूषक किंवा पारिपार्श्वक बोलतो, तिथेही दुसऱ्याला स्वतःचे वजन असते. ‘अभिज्ञानशाकुंतला’चा आरंभ आठवावा. नटीच्या गाण्याने सूत्रधार इतका भारावतो की आज कोणते नाटक करायचे हेच विसरतो, आणि नटी त्याला ते आठवून देते. ज्याच्या हाती सारी सूत्रे आहेत त्याची चूक दुसरा आवाज चारचौघांत दाखवतो, आणि नाटक तिथून पुढे सरकते. विद्यार्थ्यांना हा प्रसंग आपण ‘कवीची चतुराई’ म्हणून शिकवतो. तो दुसऱ्या आवाजाच्या अधिकाराचाही दाखला आहे.

तिसरा प्रकार जमुऱ्याचा. रस्त्यावरचा जादूगार ओरडतो, “जमुरे, जो पूछूँगा बताएगा?” आणि चादरीखालचा पोर म्हणतो, “बताएगा!” इथवर तोही झिलकऱ्यासारखा उघडच आहे. पण या जमुऱ्याचा एक भाऊ गर्दीत उभा असतो. एसटी स्थानकाबाहेर मुळ्या आणि तेल विकणाऱ्याच्या घोळक्यात तो सर्वांत आधी हात पुढे करतो, “आधी माझ्या खांद्याला लाव पाहू” म्हणतो आणि “आराम पडला” म्हणून पैसे काढतो. तीन पत्त्यांच्या खेळात पहिला डाव जिंकतो तोही हाच. गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने दैनंदिन जीवनातल्या अभिनयाची चर्चा करताना अशा माणसाची स्वतंत्र नोंद घेतली आहे: प्रेक्षकांतला एक म्हणून वावरणारा, पण आतून नटमंडळींना सामील असलेला.

आता सांगा, “पण इतक्या कमी किमतीत कसं काय?” असे विचारणारा दुसरा निवेदक या तिघांपैकी कोण? त्याला झिलकरी म्हणता येत नाही, कारण तो शंका असल्याचा आव आणतो. सोंगाड्या म्हणता येत नाही, कारण त्याच्या शंकेने विक्रेता कधीही अडचणीत येत नाही. उरला तो गर्दीतला जमुरा. फरक एवढाच की, एसटी स्थानकावरचा जमुरा लपून असतो म्हणून पकडला तरी जाऊ शकतो. पडद्यावरचा उजेडात, रंगभूषा करून उभा असतो, म्हणून त्याला पकडावे असे कोणाच्या मनातही येत नाही.

यावरून एक साधी कसोटी निघते. दुसऱ्या आवाजामुळे पहिल्याची हार होऊ शकते का? होऊ शकत असेल तर तो संवाद. होऊच शकत नसेल तर ते एकाच माणसाचे भाषण दोन तोंडांत वाटलेले आहे. बाख्तीनने दस्तयेवस्कीवर लिहिताना अनेक आवाजांचे महत्त्व सांगितले ते आवाजांची शिरगणती करण्यासाठी नव्हे. त्या कादंबऱ्यांतला प्रत्येक आवाज लेखकालाही अंकित करता येत नाही इतका स्वायत्त असतो, हे त्याचे म्हणणे होते. दोन तोंडे दिसली की ‘संवादात्मकता’ असे उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आपण कापतो. वक्त्याचे मात्र कापले नाहीत.

कोणी म्हणेल, प्लेटोच्या संवादांतले सॉक्रेटिसचे सोबतीही पानोपानी “अगदी बरोबर” एवढेच म्हणतात. मग तोही दूरचित्रवाणीचाच पूर्वज का? आक्षेप गंभीर आहे. उत्तर असे की, त्याच प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागात संतापणारा थ्रॅसिमॅकस आणला आहे आणि दुसऱ्या भागाच्या आरंभी, थ्रॅसिमॅकसला फार लवकर गप्प केले असे म्हणणारा ग्लॉकॉनही आणला आहे. शिवाय वाचकाच्या हाती वेळ असतो. तो पान मिटून “का बरोबर?” असे विचारू शकतो. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद मोजणारे घड्याळ आणि ‘उरलेल्या वस्तूं’चा उतरता आकडा असताना मावशीला तो अवकाश कोण देणार? प्रश्न विचारण्याची जागा दुसऱ्या निवेदकाने घेतली, विचार करण्याचा वेळ घड्याळाने घेतला. तिच्याकडे फक्त दूरध्वनी उरला.

एकट्या निवेदकाला हे जमते का, हे पाहायचे असेल तर जपानकडे पाहावे. नागासाकी प्रांतातल्या सासेबो येथून ‘जपानेट ताकाता’ ही कंपनी उभारणारे अकिरा ताकाता वर्षानुवर्षे स्वतः पडद्यावर उभे राहून, आपल्या प्रसिद्ध चिरक्या आवाजात वस्तू विकत. वस्तूच्या तांत्रिक गुणांपेक्षा ती कोणाच्या घरात काय करील यावर त्यांचा भर असे. ध्वनिमुद्रण यंत्र विकताना ते नोकरदार आईला सांगत की, शाळेतून येणाऱ्या मुलासाठी यात निरोप ठेवून जा. २०१६ च्या आरंभी ते पडद्यावरून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांनी पुस्तक लिहिले ते नो रंगभूमीचा आचार्य झेआमी याच्यावर. साहित्याच्या लोकांनी याकडे लक्ष द्यावे. झेआमीने १४२४ च्या ‘काक्यो’ या ग्रंथात नटाला सांगितले आहे की, स्वतःकडे प्रेक्षकाच्या डोळ्यांनी पाहायला शीक. आपल्याला न दिसणारी आपली पाठही त्या दृष्टीला दिसते. याचा अर्थ, प्रेक्षकाचे मन निवेदकाने स्वतःच्या आत वागवायचे असते. ती साधना ज्याला झेपत नाही तो प्रेक्षकाचा मुखवटा घातलेला माणूस शेजारी भाड्याने उभा करतो. ताकाताही विकतच होते, धर्मादाय करत नव्हते. पण त्यांचा ग्राहक “मीच विचारले नाही” असे तरी म्हणू शकत होता.

आणि खरा दुसरा आवाज येतो तेव्हा काय होते? सप्टेंबर २०२३ मध्ये चीनमधला अत्यंत लोकप्रिय थेट-विक्रेता ली जियाची ७९ युआनची भुवयांची पेन्सिल विकत होता. पाहणाऱ्यांपैकी कोणी तरी लिहिले की, ही महाग होत चालली आहे. ली उसळला. महाग कुठे आहे, इतक्या वर्षांत तुमचा पगार वाढला की नाही, तुम्ही नीट कष्ट केले का, हे आधी पाहा, अशा अर्थाचे तो बोलला. देशभर संताप उसळला आणि त्याला रडत माफी मागावी लागली. लाखोंना आपल्या जिवाभावाचा वाटणारा हा निवेदक एका साध्या शंकेने कोलमडला, कारण ती शंका संहितेत नव्हती. संहितेतला दुसरा निवेदकही ‘महाग नाही का?’ असे रोज विचारतो. पण त्याने विचारले की किंमत उतरते. ग्राहकाने विचारले तेव्हा ग्राहकाचीच लायकी निघाली.

हा केवळ सौंदर्यशास्त्राचा वाद नाही, हे आपल्या राज्यापुरते तरी न्यायालयाने दाखवले आहे. ‘हनुमान चालिसा यंत्रा’सारख्या वस्तूंच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातींविरुद्ध २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका दाखल झाली. जानेवारी २०२१ मध्ये खंडपीठाने निर्णय दिला की, अशा वस्तूंना चमत्कारी शक्ती असल्याचे सांगून केलेली जाहिरात व विक्री महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा आहे. अशा जाहिरातींचा साचा आठवून पाहा: ओळखीचा चेहरा शंका विचारतो, जाणकार उत्तर देतो, मग अनुभव सांगणारे येतात. दावा जाणकाराचा असतो, पण तो पचवण्याचे काम शंका विचारणारा करतो. कायद्याला दावा पकडता येतो. जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी शिफारस करणाऱ्याचे विक्रेत्याशी हितसंबंध असतील तर ते उघड करावेत असेही म्हटले आहे. पण केवळ ‘प्रश्न’ विचारणाऱ्याचे काय? प्रश्न म्हणजे शिफारस नव्हे, असे तो म्हणेल, आणि व्याकरण त्याच्या बाजूने असेल. त्या प्रश्नचिन्हामागे काय दडले आहे हे दाखवणे वकिलापेक्षा भाषेच्या शिक्षकाचे काम आहे. म्हणून या विषयावर आपण बोलायचे.

पण बोलायचे तर घरापासून बोलावे. आपल्या प्रकाशन समारंभांत लेखकाची ‘प्रकट मुलाखत’ होते. “इतकं तरल आपण कसं लिहिता?” असा प्रश्न येतो आणि सभागृह कृतार्थ होते. हा कोणता निवेदक? प्रस्तावनाकार पुस्तकातल्या संभाव्य उणिवांची जाता जाता नोंद करतो आणि पुढच्याच वाक्यात “तथापि” म्हणून ती पुसतो. हा कोणता निवेदक? आणि वर्गात? बाजारातली मार्गदर्शके प्रश्न आणि उत्तर दोन्ही छापून देतात. आपण तासाच्या शेवटी “काही शंका?” विचारतो तेव्हा पहिल्या बाकावरचा विद्यार्थी मार्गदर्शकातला प्रश्न विचारतो, आपण मार्गदर्शकातले उत्तर देतो आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीची शंका, जी कदाचित कवितेला खरोखर भिडणारी होती, ती “विचारलं होतं की” या सदरात जमा होते. मी अशी वर्षे काढली आहेत. त्यामुळे वाहिन्यांवर दगड मारताना माझ्या हाताला कंप आहे, हे कबूल करतो.

तर मूळ प्रश्न: खरेदीच्या कार्यक्रमाला एकाहून अधिक निवेदक हवेत का? माझे उत्तर, नकोत. हाताला मदत हवी असेल तर मदतनीस ठेवा आणि त्याला मदतनीस म्हणा. घसा बसत असेल तर पाळ्या लावा. वस्तूची माहिती हवी असेल तर कंपनीच्या माणसाला कंपनीचा माणूस म्हणून उभे करा. यांपैकी कशालाही शंकेचे सोंग लागत नाही. आणि दोन आवाजांचा एवढाच सोस असेल तर दुसऱ्याला खरा अधिकार द्या. ही वस्तू कोणी घेऊ नये, ती काय करू शकत नाही, याच पैशांत शेजारच्या दुकानात काय मिळते, हे त्याने सांगावे. आणि प्रसंगी, “मी तर घेणार नाही,” असे म्हणण्याची त्याला मुभा असावी. असा दुसरा निवेदक कोणतीही वाहिनी ठेवणार नाही, हे मला माहीत आहे. ते माहीत असूनही त्या जोडीला ‘संवाद’ म्हणणे हे निदान आपण थांबवू शकतो. तो शब्द आपल्या ताब्यातला आहे.

मावशी आता नाही. तिच्या घराची आवराआवर करताना माळ्यावर तो खोका सापडला. तेल अर्धे वापरलेले होते. पट्टा पिशवीतून काढलेलाही नव्हता. तिने तक्रार केली नव्हती. तिच्या हिशेबी तिने विचारले होते, तिला उत्तर मिळाले होते, व्यवहार पुरा झाला होता. वाया गेलेल्या पैशांपेक्षा मला लागून राहिली ती ही गोष्ट: धागा उजेडात नेऊन पाहणाऱ्या बाईकडून तिचा संशय काढून घेतला गेला, आणि तिला ते कळलेही नाही.

या विवेचनाला कोणाचा विरोध असेल तर तो मला मनापासून हवा आहे. उजळणी वर्गातल्या त्या वक्त्यांचा असेल तर अधिकच. “अगदी बरोबर” म्हणणारा शेजारी मात्र नको. तो मिरजेच्या त्या घरात पुष्कळ ऐकून झाला आहे.